शेवटचा वेढा

नूकरत्नमची माळ निर्माल्यात टाकायची तर मला कात्री घ्यावी लागते. फुलं वाळून काळी पडतात, पाकळ्या गळतात, पण सुताची गाठ काही सुटत नाही. देवळापुढच्या बाकीच्या फुलवाल्यांच्या माळा घरी पोचेपर्यंत निम्म्या विस्कटतात. हिची देवाच्या गळ्यातून उतरवली तरी जशीच्या तशी. एकदा मी म्हटलं, "रत्नम, जरा सैल बांध गं, फुलांचा जीव जाईल."

ती म्हणाली, "अक्का, सैल बांधायला माझ्या हाताला येतच नाही."

आम्ही गलाईवाले. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं खानापूर तालुक्यातून निघालो आणि गोदावरीच्या ह्या टोकाला, नारळीत आणि मासळीच्या तळ्यांत येऊन राहिलो. माझी मुलं तेलुगू शाळेत शिकली. नूकरत्नमचं घर आमच्या परसाच्या मागं होतं, मध्ये एक मेंदीचं कुंपण. त्यामुळं तिच्या घरातलं भांडण आम्हाला आमच्या घरातल्यासारखं ऐकू यायचं. बाकीचं तिनंच मला सांगितलं, थोडं थोडं करून, फुलं ओवता ओवता.

तिचा बाप सत्तिबाबू कत्ती बांधणारा होता. संक्रांतीला इकडे कोंबड्यांच्या झुंजी लागतात. भोगी, संक्रांत आणि किंक्रांत, जिला इकडे कनुमा म्हणतात, हे तिन्ही दिवस नारळीत मोकळी जागा करून बरी, म्हणजे झुंजीचं रिंगण, आखलेली असते आणि तिच्याभोवती माणसांचा समुद्र. कोंबड्याच्या पायाला बोटभर लांबीची, वस्तऱ्यासारखी कत्ती बांधतात. ती बांधणं हे येरागबाळ्याचं काम नाही. टाचेवर कापडाची घडी ठेवायची, कत्ती बसवायची, मेणाचं सूत ओढून त्यावर वेढे घालायचे. सत्तिबाबूनं बांधलेली कत्ती हलली असं कुणी कधी बघितलं नव्हतं. सणाच्या दिवसांत त्याला मोटारीतून न्यायला येत. मेलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा, त्यातली एक तंगडी बांधणाऱ्याची, असा रिवाज. कनुमाच्या संध्याकाळी त्याच्या घरात तंगड्यांची टोपली यायची आणि त्याची बायको मंगायम्मा आमच्याकडेही वाटीभर रस्सा घेऊन यायची. आम्ही माळकरी नसलो तरी तो रस्सा माझ्या घशाखाली उतरत नसे.

मग एका कनुमाला झुंजीतून उचललेल्या, त्याच्याच हातातल्या कोंबड्यानं पाय झाडला. कत्ती मनगटातून आरपार गेली. रक्ताची चिळकांडी समोरच्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली, आणि तो माणूस आधी सदरा बघायला लागला, मग सत्तिबाबूकडे, असं लोक हसून सांगायचे. जीव वाचला. पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं कायमची मेली. भाताचा घास उचलता येईना.

उजवा हात गेला, पण डाव्या हाताला मारायची सवय लागायला वेळ लागला नाही. दारू पूर्वीही होती. आता दिवसाउजेडी सुरू झाली. मंगायम्मा झिंगे सोलायच्या शेडमध्ये जायला लागली. बर्फात हात घालून घालून तिची नखं पांढरी पडली, बोटांची सालं निघाली. घरी आली की हा म्हणायचा, "वास मारतेस, लांब बस." लांब बसली की म्हणायचा, "नवऱ्याची किळस येते का गं?" आणि हात उगारायचा. एकदा भाताचं पातेलं तिच्या पाठीवर फुटलं. ॲल्युमिनियमचं पातेलं फुटतं हे मला तेव्हा कळलं. मी कुंपणाशी जाऊन ओरडले की तो डोक्याला टॉवेल बांधत बाहेर यायचा आणि अगदी अदबीनं म्हणायचा, "काही नाही अक्का, घरातलं आहे."

रत्नम दहावीत होती. बापानं तिची शाळा सोडवली आणि तिला समोर बसवून वेताच्या कांडक्यावर सूत बांधायला शिकवलं. बांधून झालं की तो डाव्या हातानं कत्ती हलवून बघायचा. हलली तर थोबाडीत. पहिल्या दिवसांत तिचे गाल सुजलेलेच असत. मग कांडकं गेलं, कोंबडीचा पाय आला. मग खरी कत्ती. पोरीचा हात चांगला होता. बापासारखाच, किंबहुना बापाहून हलका. पण एक वेढा ती विसरायची. सगळ्यात शेवटचा, जो उलट्या बाजूनं घालून मग गाठ मारायची. बाकी सगळं इतकं घट्ट असायचं की तो वेढा नुसता शोभेचा वाटायचा.

तिनं एकदा विचारलं, "नान्ना, हा नसला तर काय होतं?"

सत्तिबाबूनं त्या दिवशी मारलं नाही. स्वतःचं मनगट तिच्या तोंडापुढं धरलं. म्हणाला, "हे होतं. झुंजीत चार लाथा बसल्या की सूत सरकतं. कत्ती फिरते. मग तिचं तोंड समोरच्या कोंबड्याकडे राहत नाही, बाजूला होतं. कोंबडे उचलायला जो वाकेल त्याच्याकडे. मीच बांधली होती ती. पिऊन बांधली. कुणाला सांगितलंस तर जीभ कापीन."

बाईनं कत्तीला हात लावलेला इकडे चालत नाही. बरीत बाईमाणूस शिरलं तरी पुरुष थुंकतात. म्हणून सत्तिबाबूनं पोरीला चिन्न तिरुपतीला नेलं आणि नवस आहे म्हणून तिचे केस दिले. गुडघ्यापर्यंत वेणी होती. मंगायम्मा रडत होती आणि हा म्हणत होता, "देवाला दिलेत, कसायाला नाही." मला ते फार लागलं. देवाला केस सगळेच देतात, पण देवाच्या नावानं पोरीचा पोरगा करायचा हे कसलं देणं? तिला शर्ट-लुंगी घातली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि आडगावच्या, पोलीस येत नाहीत अशा लहान बरींतून नेऊ लागला. सांगायचा, "माझा भाचा, चिन्ना. मुका आहे." बोलली की आवाज कळेल, म्हणून मुका.

आता वीरबाबूबद्दल सांगते. कोंडलराव म्हणून तळ्यांचे मालक होते, मासळीचा मोठा धंदा. झुंजीच्या कोंबड्यांचा त्यांना नाद. ते कोंबडे वीरबाबू सांभाळायचा. सतराचा पोरगा, ताडावरून पडून बाप मेलेला, आई दुसऱ्याच्या शेतात राबणारी. तो तळ्याकाठच्या झोपडीत कोंबड्यांबरोबरच राहायचा. रोज सकाळी कोंबड्यांना तळ्यात पोहायला सोडायचं, अंग शेकायचं, भिजवलेले बदाम आणि मटणाचा खिमा भरवायचा. रत्नम शेळीसाठी गवत कापायला त्याच बांधावर जायची. शाळेत दोघं एका वर्गात होती, म्हणजे हा दोनदा नापास होऊन तिच्या वर्गात आला होता.

तिचं बोडकं डोकं बघून तो हसत सुटला. "काय गं, देवानं केस मागितले का बापानं?"

"तुला काय करायचंय? तुझ्या कोंबड्याला आंघोळ घाल."

"त्याला आंघोळ, बदाम, खिमा. मला शिळा भात आणि मालकाची लाथ. पुढच्या जन्मी कोंबडाच होतो बघ."

"हो की. मग तुझ्या पायाला कत्ती मीच बांधीन."

बोलून गेली आणि जीभ चावली. वीरबाबूच्या हातातला कोंबडा तसाच राहिला. हळू आवाजात म्हणाला, "परवा नारळीत सत्तिबाबूंचा मुका भाचा बघितला. मला वाटलंच होतं, हे हात कुठंतरी बघितलेत."

ती विळा घेऊन उभी राहिली. "सांगशील?"

"कुणाला? ह्याला?" त्यानं कोंबडा तिच्या तोंडापुढं धरला. "नाही सांगत. पण एकदा बावा म्हण."

इकडे मामाच्या, आत्याच्या मुलाला बावा म्हणतात. लग्न त्याच्याशीच लागतं, आणि लागल्यावरही नवऱ्याला बावाच म्हणतात. ज्याच्याशी काही नातं नाही अशा पोराला मुलीनं तसं म्हटलं, की मग सांगायचं काही उरत नाही.

"मेलास तरी म्हणणार नाही," ती म्हणाली.

पण गवत कापायला रोज जायला लागली. शेळी एकच होती आणि गवताचे भारे दोन येऊ लागले. मंगायम्मा मला म्हणाली, "अक्का, शेळी व्यायली नाही तरी फुगतेय." दोघी हसलो. त्या घरात त्या वर्षी हसण्यासारखं तेवढंच होतं. तो तिच्यासाठी कोंबड्याच्या वाट्यातले बदाम चोरून ठेवायचा. ती त्याच्या पाठीवरचे वळ बघायची आणि तो तिच्या गालावरचे. "आज कुणाचा नंबर?" असं विचारायचे एकमेकांना. लहान होती दोघं. मार खाणं म्हणजे सर्दी होण्यासारखं त्यांना वाटायचं.

संक्रांत जवळ आली. कोंडलरावांचा तांबडा कोंबडा, त्याला डेगा म्हणतात, कनुमाच्या दिवशी मोठ्या बरीत उतरायचा होता. समोर पलीकडच्या गावच्या गिरणीवाल्यांचा काळा, त्याला काकी म्हणतात. आणि काकीला कत्ती बांधायचं काम सत्तिबाबूकडे आलं. म्हणजे रत्नमकडे. सत्तिबाबूनं घरात सांगून टाकलं, "हे नीट झालं तर पुढं वर्षभर आपल्याला बोलावतील. बिघडलं तर तुम्ही दोघी झिंगे सोला, नाहीतर तळ्यात जाऊन जीव द्या."

भोगीच्या आदल्या दिवशी ती बांधावर गेली तर वीरबाबूचा एक डोळा सुजून बंद झाला होता. डेगानं दोन दिवस खिमा खाल्ला नव्हता, त्याची शिक्षा.

"मालक म्हणालेत, डेगा हरला तर माझे पाय मोडतील," तो म्हणाला. "नुसतं बोलत नाहीत ते. मागच्या पोराचे मोडले, तू बघितलाय त्याला, बसस्टँडवर असतो."

"आणि जिंकला तर?"

"तर तळ्यावरची पक्की खोली देणार. राखणीचं काम कायमचं. मी आईला घेऊन तुझ्या बापाकडे येतो मग." तो जरा थांबला. "रत्नम, काकीला तू बांधणार. शेवटचा तो वेढा, तूच सांगितलास ना मला, शोभेचा वाटतो. तेवढा नको घालू. कत्ती सरकली की काकीची लाथ फुकट जाईल. कुणाला कळणार नाही."

"तुला ठाऊक नाही तू काय म्हणतोयस."

"मला माझे पाय ठाऊक आहेत."

तिला बापाचं मनगट आठवलं. कोंबडे एकमेकांत अडकले की त्यांना सोडवायला दोन्हीकडची माणसं वाकतात. डेगाच्या बाजूनं वाकणारा हाच. हे त्याला सांगावं तर बापाची ती जीभ कापायची धमकी, आणि सांगितलं तरी त्याच्या डोक्यात शिरलं नसतं; त्याला फक्त पाय दिसत होते. तिनं गवताचा भारा डोक्यावर घेतला. तिच्या गप्प राहण्याला त्यानं होकार समजला. मागून ओरडून म्हणाला, "कनुमानंतर तरी बावा म्हणशील ना?"

कनुमाच्या सकाळी मी दारात रांगोळी घालत होते तेव्हा बापलेक मोटारीत बसून गेले. मुक्या भाच्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बरीत धूळ आणि दारूचा वास. ताडपत्रीखाली सत्तिबाबू बसला, शेजारी चिन्ना. गिरणीवाल्यांनी काकीला आणून उताणा धरला. रत्नमनं घडी ठेवली, कत्ती बसवली, वेढे घालत गेली. शेवटच्या वेढ्याशी तिचा हात थांबला. समोरून, गर्दीच्या पलीकडून, डेगाला छातीशी धरून वीरबाबू बघत होता. सुजलेला डोळा जरा उघडला होता. ती मला म्हणाली, "अक्का, त्या वेळी मी नूकालम्मादेवीला काही मागितलं नाही. मागायचं काय तेच कळेना. पाय मागू की जीव?"

तिनं उलट्या बाजूनं वेढा घातला आणि दातानं ओढून गाठ मारली.

झुंज फार चालली नाही. चोचीला चोच लावून दोघांना चिडवलं आणि सोडलं. डेगा उंच उडाला, खाली येताना काकीची लाथ त्याच्या पंखाखाली बसली. तांबड्या पिसांवर रक्त आधी दिसलंच नाही; वाळूवर पडलं तेव्हा दिसलं. माणसं वाकली, सोडवलं, वीरबाबूनं डेगाच्या तोंडावर पाणी फुंकलं, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि पुन्हा सोडलं. तो वाकला तेव्हा काकीची कत्ती त्याच्या गळ्यापासून हातभर अंतरावरून गेली. जिथं असायला हवी तिथंच होती, सरळ. रत्नमनं ते बघितलं. बाकी कुणी बघितलं नाही. दुसऱ्या उडीत डेगाचं पोट फाटलं. तो दोन पावलं चालला, जणू काही झालंच नाही, आणि बसला. मान टाकली.

गिरणीवाल्यांनी आरोळी ठोकली. कोंडलराव खुर्चीतून उठले, बरीत आले, मेलेल्या कोंबड्याकडे बघितलं आणि वीरबाबूच्या पोटात लाथ घातली. तो कोंबड्यावरच पडला. मग त्यांची माणसं आली. सुरूच्या लाकडाची दांडकी होती. पहिलं दांडकं पाठीवर बसलं. दुसरं गुडघ्यावर बसायच्या आत ताडपत्रीखालून आवाज आला.

"बावा!"

मुक्या भाच्याचा आवाज. पोरीचा आवाज. सगळी बरी एकदम गप्प झाली. रत्नम धावताना टॉवेल सुटला. बोटभर वाढलेले केस, शर्ट, आणि पोरीचं रडणं. ती वीरबाबूवर पालथी पडली.

"ही कोण रे?" कुणीतरी म्हणालं.

"सत्तिबाबूची पोरगी! बाईच्या हातची कत्ती बांधली!"

गिरणीवाल्यांचा थोरला सत्तिबाबूची मान धरून ओढत आला. "बाईकडून बांधलीस? आमचा कोंबडा बाटवलास?"

आणि सत्तिबाबू, जो घरात वाघ होता, गयावया करायला लागला. पण मध्येच त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं काकीला उचललं, तो पाय वर धरला आणि ओरडला, "बघा! हलवून बघा! एवढ्या लाथा मारून सूत केसभर सरकलं नाही. माझ्या पोरीनं बांधलंय. आहे कुणी तुमच्यात असं बांधणारा?" जन्मात एवढं एकदाच तो तिच्याबद्दल बरं बोलला, आणि त्यानंच घात केला.

कोंडलराव हसले. "असं होय. हिनं घट्ट बांधली, आणि माझ्या कोंबड्यानं दोन दिवस खाल्लं नाही. जावई आणि सासरा मिळून माझा डेगा विकलात."

"नाही मालक," वीरबाबू म्हणाला. पण तो मालकाकडे बघत नव्हता. तो रत्नमकडे बघत होता. घट्ट हा शब्द त्यानं ऐकला होता.

"जावयाचा हात सासऱ्यासारखाच करा रे," कोंडलराव म्हणाले. "जोडी शोभेल."

काकीच्या पायातली कत्ती सूत कापून काढली. दोघांनी रत्नमला केसांना धरायला बघितलं, केस हातात येईनात, तेव्हा दंडाला धरून बाजूला फेकली. एकानं वीरबाबूचा उजवा हात वाळूत दाबून वर पाय दिला. कत्ती मनगटावरून आडवी ओढली. तो एवढा मोठ्यानं ओरडला की नारळावरचे कावळे उडाले. आणि मग, जसं सगळं झाल्यावर होतं, तसे लोक मागं सरले. पोलिसांची गाडी दिसली म्हणून कुणी ओरडलं. पळापळ झाली. खुर्च्या उलथल्या. क्षणात बरी रिकामी आणि मध्ये दोन पोरं, एक मेलेला कोंबडा.

रक्त थांबेना. सत्तिबाबू तिथंच उभा होता, स्वतःचं मेलेलं मनगट चांगल्या हातात धरून, जणू त्यालाच पुन्हा लागलंय. रत्नमनं त्याच्याकडे बघितलंही नाही. कोंबड्याच्या टाचेखाली ठेवतात तीच कापडाची घडी तिनं जखमेवर दाबली आणि मेणाचं सूत कोपराखाली आवळत वेढे घालत गेली. वीरबाबू दुसऱ्या हातानं तिला ढकलत होता. ती शेवटचा वेढा विसरली नाही. दातानं ओढून गाठ मारली. सरकारी दवाखान्यात ते सूत सुटेना, तेव्हा नर्सनं ब्लेडनं कापलं.

तो जगला. बोटं मेली. दवाखान्यात ती गेली तर त्याच्या आईनं दारातूनच चप्पल भिरकावली. "बापाचा हात खाल्लास, आता माझ्या पोराचा. अजून कुणाचा राहिलाय?" थोड्या दिवसांनी मायलेक गाव सोडून कुठं तरी निघून गेली.

सत्तिबाबूला त्यानंतर कुणी बरीत उभं केलं नाही. त्यानं त्याचा हिशेब घरात चुकता केला. आधी मंगायम्माचा दात पडला. मग एका दुपारी त्यानं रत्नमचं डोकं भिंतीवर आपटलं, तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात आला. मी धावत गेले तोवर तो दमून खाटेवर झोपला होता, तोंड उघडं. रत्नम उठली. कपाळातून रक्त डोळ्यात येत होतं ते तिनं पुसलं. कोनाड्यातून सुताची गुंडी घेतली, बापाचा डावा हात खाटेच्या खुराशी नेला आणि सावकाश, एकेक करून, वेढे घातले. आईला म्हणाली, "चल अम्मा." आणि दोघी कुंपणातून आमच्या परसात आल्या. त्या दिवशीपासून मागची खोली त्यांची.

सत्तिबाबू संध्याकाळी जागा झाला. शिव्या, मग ओरडणं, मग रडणं. शेजाऱ्यांना ती गाठ सुटेना. शेवटी कुणीतरी विळा आणून सूत कापलं. मनगटावर काळा वळ कितीतरी दिवस होता. पुढं तो आमच्या कुंपणाशी यायचा, पोरीला हाक मारायचा नाही, मलाच विचारायचा, "अक्का, जेवल्या का दोघी?" काही वर्षांनी तसाच गेला. रत्नमनं त्याचं सगळं केलं. तिरडीही तिनंच बांधली.

ती फुलांकडे वळली ती माझ्यामुळं नाही. देवळातल्या पुजाऱ्याच्या म्हातारीनं तिला बसवलं. सूत हातात घेतलं की तिचं मन जाग्यावर राहतं, असं ती म्हणायची.

वीरबाबू एकदा आला. रत्नम तेव्हा विशीच्या आतबाहेर असेल. नूकालम्माच्या जत्रेच्या दिवसांत, भर गर्दीत, मी माळ घ्यायला उभी होते. एक माणूस आला, दाढी वाढलेली, उजवा हात खिशात. मी ओळखलंच नाही. रत्नमनं मान वर केली आणि ओळखलं. तिचं तोंड उघडलं. ती काय म्हणणार होती ते मला कळलं, पण ते तोंडातून निघायच्या आत त्यानं डाव्या हातानं तिच्या थोबाडीत दिली. टोपली उलटली. अबोली आणि मोगरा रस्त्यावर सांडला.

बायका ओरडल्या. दोन माणसं धावली. रत्नमनं हात करून सगळ्यांना थांबवलं.

"तू हो म्हणाली होतीस," वीरबाबू म्हणाला.

"मी काहीच म्हणाले नव्हते."

"का बांधलीस घट्ट?"

"तू वाकणार होतास म्हणून."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याला बरी आठवली असावी, वाळू, आणि गळ्याजवळून सरळ गेलेली ती कत्ती, कारण त्याचा चांगला हात आपोआप गळ्याकडे गेला. तो गुडघ्यांवर बसला आणि सांडलेली फुलं गोळा करायला लागला. एका हातानं ती गोळा होईनात. दुसरा हात खिशातून काढला, पण बोटं मिटेनात, फुलं त्यातून गळत राहिली.

"रत्नम," तो म्हणाला, "आता म्हण की. एकदा."

तिच्या गालावर चार बोटं उठली होती. बापाची उठायची त्याच जागी. ती म्हणाली, "माझ्या बापाचा हात मी खाटेला बांधला होता. तुझा एकच चालता आहे. तो सांभाळ."

"चुकलं माझं."

"हो. आता ती फुलं राहू दे. रस्त्यावर पडलेली देवीला चालत नाहीत."

तो उठला. जरा वेळ उभा राहिला, काही ऐकायला मिळतं का म्हणून, आणि जत्रेच्या गर्दीत गेला. पुन्हा कधी आला नाही. कुणी म्हणतं लग्न केलं, कुणी म्हणतं नाही. ती विचारत नाही.

टोपलीत तळाशी मूठभर फुलं राहिली होती. तेवढ्याची तिनं माझ्यासाठी माळ केली. हात एकदाही थांबला नाही. शेवटचा वेढा घालताना सूत दातात धरलं तेव्हा फक्त डोळे मिटले. माळ नेहमीपेक्षा वीतभर आखूड झाली. मी घरी आणून देवाला घातली, आणि चार दिवसांनी ती काढायला कात्री घेतली.